डाव्या बाजूचा टीव्ही

"मोजलंय का?" हा आमच्या शेजारच्या गृहस्थांचा प्रश्न असे. कोणी म्हणालं, आज फार उकडतंय, की ते विचारत, "मोजलंय का?" कोणी म्हणालं, गल्लीत कुत्री वाढलीत, तरी तेच. समोरच्या मिश्राजींनी एकदा पायरीवर बसून तक्रार केली की त्यांच्या धाकट्याचं अभ्यासात मन लागत नाही. यांनी थोडा वेळ विचार केला आणि गंभीरपणे विचारलं, "नापा है?" त्या दिवसापासून मिश्राजी त्यांना 'इंची टेप' म्हणू लागले. तोंडावर नाही, पण फार लांबूनही नाही.

लखनौच्या दक्षिणेला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत आमची घरं एकाला एक लागून होती. ते मूळचे अकोल्याचे, एका संशोधन संस्थेत पिकांच्या रोगांवर काम करणारे. दारावरच्या पाटीवर 'डॉ.' होतं, त्यामुळे पहिल्या वर्षी गल्लीतले लोक ताप आणि पोटदुखी घेऊन येत. "बुखार आम के पेड़ को हो तो बताइए," असं सांगून ते त्यांना परत पाठवत. तरी 'डॉक्टरसाहब' हे नाव राहिलं. मी त्यांना डॉक्टर म्हणे, ते मला 'अहो संपादक' म्हणत. मी संपादक नव्हतो. एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या कापण्याचं काम करत होतो. ही दुरुस्ती मी दोनदा केली, नंतर सोडून दिली.

माझी ड्यूटी संध्याकाळी पाचला सुरू होई आणि पान छापायला गेलं की संपे. पत्नी रोज पहाटेच्या गाडीनं कानपूरला नोकरीला जाई. मुलीला, मुक्ताला, सकाळी शाळेत कोणी सोडायचं हा प्रश्न डॉक्टरांनी आपण होऊन सोडवला. त्यांच्या पांढऱ्या छोट्या गाडीत मागे मुक्ता आणि मिश्राजींची दोन मुलं, पुढे दप्तरं. चार वर्षं हा क्रम चालला. ते गाडी इतकी सावकाश चालवत की मुलं कंटाळत. "पापा, अंकल तो बैलगाड़ी चलाते हैं," मुक्ता म्हणे. मराठी तिला सगळी समजत होती, उत्तर मात्र हिंदीतच येई. मी तिला सांगे, सावकाश चालवणारा माणूस चांगला.

त्या मे महिन्यात, शाळेला उन्हाळी सुट्टी लागायच्या आठवड्यात, ती घरी येऊन म्हणाली, "आज अंकल ने साइकिल वाले को देखा ही नहीं. हम लोग चिल्लाए, तब ब्रेक मारा." मी विचारलं, कोणाला लागलं का. ती म्हणाली, नाही, फक्त दूध सांडलं. मी वर्तमानपत्र पुढे वाचू लागलो. बातमीत कोणी जखमी नसेल तर ती डेस्कवर टिकत नाही. ही सवय माणूस घरीही घेऊन येतो.

जून सुरू झाला आणि फुटबॉलची मोठी स्पर्धा सुरू झाली. त्या वर्षी सामने दूरच्या देशात होते, पण आपल्याकडे ते संध्याकाळी दिसत. मिश्राजींना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. तरी त्यांनी टीव्ही समोरच्या खोलीत खिडकीशी आणून ठेवला. गोल झाला की त्यांची आरोळी तीन घरांपलीकडे ऐकू जाई.

एका दुपारी वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"भावजी, तुम्ही पेपरवाले. तुम्हाला चौकशी करता येते."

"कसली चौकशी?"

"हे कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात. पोकर म्हणतात त्याला. संध्याकाळी ऑफिसातून आले की चहा घेत नाहीत. टीव्हीवर मॅच लावतात, आवाज बंद करतात आणि पत्ते खेळत बसतात. मॅचकडे बघतही नाहीत. मी खोलीत गेले की म्हणतात, जा, मधे येऊ नकोस. माझा एक मामा पत्त्यांत बरबाद झाला, भावजी. मला फार भीती वाटते. पैसे लावतात का, एवढं बघून सांगा."

मी होकार दिला. मंगळवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. पाचच्या सामन्याला मी त्यांच्याकडे गेलो.

खोलीची मांडणी विचित्र होती. जेवणाचं टेबल भिंतीला लावलेलं, त्यावर लॅपटॉप, समोर लाकडी खुर्ची. टीव्ही मात्र समोर नव्हता. चाकांच्या ट्रॉलीवरचा तो जाडजूड टीव्ही खुर्चीच्या डाव्या हाताला, कोपऱ्याच्या दिशेनं ठेवला होता. आवाज बंद. खिडकीत कूलर घरघरत होता. डॉक्टर दोन जाड पुस्तकांवर हनुवटी टेकवून लॅपटॉपकडे बघत बसले होते. फरशीवर खडूच्या रेघा होत्या, तीन किंवा चार, खुर्चीपासून पंख्याच्या पात्यांसारख्या पसरलेल्या. प्रत्येक रेघेजवळ बारीक अक्षरात एखाद्या देशाचं नाव.

"या, अहो संपादक. मागे दिवाणावर बसा. बोलू नका."

मी मागे बसून पाहू लागलो. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मधे एकेक करून पाच पानं उघडतात. आपली पाळी आली की पुढे जायचं किंवा पानं टाकून द्यायची. विचार करायला थोडेसे सेकंद मिळतात. पडद्यावर एक पट्टी आक्रसत जाते, आणि ती संपली की यंत्र तुमची पानं काढून घेतं. डॉक्टर एकाच वेळी दोन टेबलांवर खेळत होते, त्यामुळे त्यांची पाळी सारखी येत होती. पैसे नव्हते. खेळण्यातल्या चकत्या होत्या, संपल्या की कंपनी पुन्हा फुकट देई. हे मी पहिल्या दहा मिनिटांत खात्रीनं पाहिलं.

खेळाडू म्हणून ते अगदी सुमार होते. जवळजवळ प्रत्येक डावात पानं टाकून देत. टेबलावर बसताना सगळ्यांना 'नमस्ते' लिहीत, आणि चुकून जिंकले तर 'सॉरी'. तिथे त्यांनी आंब्याच्या एका जातीचं, आम्रपाली हे नाव घेतलं होतं. त्यामुळे दूरदेशीचा एक माणूस त्यांना बाई समजून रोज गुलाबाची चित्रं पाठवी.

"त्याला सांगत का नाही?" मी न राहवून विचारलं.

"त्यानं विचारलेलं नाही," ते पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले.

आणि मग, तशीच नजर न हलवता, त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं टेबलावर टिचकी मारली. "गोल."

मी टीव्हीकडे पाहिलं. खरोखरच गोल झाला होता. पिवळ्या कपड्यांतले खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडत होते.

मध्यंतरात त्यांनी हनुवटी उचलली, संपूर्ण मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तिनं पाठवलं ना?"

मी हो म्हणालो. मग मी विचारलं, हे काय आहे. त्यांनी उठून दार लावलं आणि सांगितलं. ते जे बोलले ते मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो.

मे महिन्यात शाळेच्या वळणावर डावीकडून एक दूधवाला आला. तो त्यांना दिसला नाही. दिसला नाही म्हणजे उशिरा दिसला असं नव्हे. तो तिथे नव्हताच, आणि मग एकदम बोनेटसमोर होता. दुसऱ्या दिवशी ते कोणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. काचबिंदू निघाला. यात समोरचं नीट दिसतं, अक्षर वाचता येतं, फक्त कडा हळूहळू मिटत येतात, आणि मिटल्याचं माणसाला कळत नाही. त्यांना थेंब दिले गेले. गेलेली नजर परत येणार नव्हती. राहिलेली टिकवायची होती. किती राहिली आहे हे पाहायला त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, कडेला बारीक दिवा लागलेला दिसला की बटन दाबायचं.

"त्या दिव्यांना एक ताल होता," ते म्हणाले. "पाच मिनिटांत तो माझ्या लक्षात आला. मग दिसला नाही तरी मी दाबत गेलो. मुद्दाम नाही हो. हात दाबत गेला. त्यांनी रिपोर्ट बघून सांगितलं, हा भरवशाचा नाही, पुन्हा या."

"मग गेलात?"

"नाही. तिथे मी पुन्हा फसवीन. म्हणून घरी मांडलं." त्यांनी खोलीकडे हात केला. "समोर पत्ते. नजर हलली की पाळी जाते, त्यामुळे हलवता येत नाही. बाजूला मॅच. गोल झाला की पडद्यावरचं हिरवं जातं आणि माणसांचे चेहरे येतात. तेवढा फरक कडेच्या नजरेला कळायलाच हवा. कळला की ट्रॉली आणखी मागे सरकवायची. कुठवर दिसतं ते फरशीवर येतंय. फुटबॉलचा गोल कधी होईल ते कोणालाच सांगता येत नाही. तिथे ताल नाही."

"आणि गाडी?"

"जुलै लागला की शाळा उघडते. तोवर निकाल हातात येईल. वाईट आला तर मुलांना नेणार नाही." मग त्यांनी आवाज उतरवला. "तिला सांगू नका. तिला जुगार वाटू दे. जुगार सोडला की ती भीती जाते. ही जात नाही."

मी वहिनींना जाऊन सांगितलं की पैशाचा संबंध नाही, निर्धास्त राहा. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि मला त्यातली चिमूटभर दिली. ती खाताना मला माझी मुलगी मागच्या सीटवर बसलेली दिसत होती. डाव्या बाजूला. ती नेहमी डावीकडेच बसे. मे महिन्यात ती मला जे सांगत होती ते तिनं त्या खिडकीतून पाहिलं होतं.

पुढच्या मंगळवारी गेलो तेव्हा ट्रॉली बरीच मागे सरकली होती. रेघा वाढल्या होत्या. डॉक्टर इतके आनंदात होते की त्यांनी स्वतः सरबत आणलं.

"आतापर्यंतचे सगळे गोल दिसले. एकही सुटला नाही. हे बघा, टीव्ही खांद्याच्या जरा मागेच गेलाय. डावा डोळा मी समजत होतो त्याहून पुष्कळ बरा आहे. थेंबांनी काम केलं."

त्यांची नोंद खरी होती. माझ्यासमोर त्या संध्याकाळी दोन गोल झाले आणि दोन्ही वेळा त्यांचं बोट वाजलं. सामना संपल्यावर मी म्हणालो, मला बसू द्या. मी खुर्चीवर बसलो, पुस्तकांवर हनुवटी टेकवली, लॅपटॉपकडे पाहिलं. टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. मला काहीच दिसत नव्हतं. हलका उजेडसुद्धा नाही.

"डॉक्टर, मला इथून दिसत नाही."

त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "तुम्ही दाखवून घ्या. रात्रपाळीनं डोळे जातात. हसण्यावारी नेऊ नका."

मी हसत नव्हतो. दोन आठवड्यांनी पत्नीच्या आग्रहावरून मी माझे डोळे तपासून घेतले. त्यांत काही दोष नव्हता. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मला कळत नव्हतं की चूक कुठे आहे. चूक आहे एवढं कळत होतं. जगातल्या प्रत्येक माणसाला 'मोजलंय का' विचारणारा माणूस मोजत होता, लिहून ठेवत होता, आणि ते लिहिलेलं खरं असणं शक्य नव्हतं. शाळा उघडायला नऊ दिवस होते.

मी मुक्ताला विचारलं, शाळेच्या व्हॅननं जाशील का. "क्यों? अंकल के साथ मज़ा आता है," ती म्हणाली. "धीरे चलाते हैं, पर कहानी सुनाते हैं." कसली गोष्ट, तर गव्हावर तांबेरा कसा पडतो त्याची. तिला ती पाठ होती.

तिसरा मंगळवार शाळा उघडायच्या दोन दिवस आधी आला. सामना साडेसातला होता. अर्धा तास झाला आणि वीज गेली. जूनच्या शेवटी लखनौत वीज जाण्यात विशेष काही नाही. आख्खी गल्ली एकदम काळी झाली. इन्व्हर्टर गल्लीत फक्त डॉक्टरांकडे होता, आणि तो कूलर ओढत नसे. कूलर थांबला. पंखा, टीव्ही आणि लॅपटॉप चालू राहिले. मिश्राजींचा टीव्ही बंद झाला, मिश्राजी बाहेर येऊन पायरीवर बसले. वर्तमानपत्रानं वारा घेतल्याचा आवाज खिडकीतून ऐकू येत होता. बाकी सगळं शांत झालं.

डॉक्टर हनुवटी टेकवून खेळत होते. मी मागे दिवाणावर होतो. ट्रॉली त्यांच्या खांद्याच्या जरा मागे होती.

मध्यंतर संपून थोडा वेळ झाला होता तेव्हा गोल झाला. डोक्यानं मारलेला, अगदी साधा. पडद्यावरचं हिरवं गेलं, चेहरे आले. खेळाडू कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावले. प्रेक्षकांतला एक माणूस रडत होता. मग तोच गोल पुन्हा दाखवला, मग मागून, मग संथ गतीनं.

त्यांचं बोट हललं नाही.

मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. आठ वाजून एकोणपन्नास. मी बोललो नाही. का बोललो नाही, हे मी स्वतःला पुढे पुष्कळदा विचारलं. परीक्षा चालू होती, हे एक उत्तर. दुसरं हे की मला भीती वाटत होती, आणि भ्यालेला माणूस आधी खात्री करून घेतो.

"पत्ते फार वाईट येतायत आज," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मॅचही रटाळ दिसते. गोल होईलसं वाटत नाही."

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक-शून्य लिहिलेलं होतं.

नऊ वाजून सहा मिनिटांनी वीज आली. समोर मिश्राजींची खोली उजळली, टीव्ही लागला, मिश्राजी पायरीवरून आत धावले आणि ओरडले, "अरे! गोल! गोल हो गया यार, कब हुआ?"

त्याच क्षणी डॉक्टरांचं बोट टेबलावर वाजलं. "गोल," ते म्हणाले.

टीव्हीवर त्या वेळी काहीच घडत नव्हतं. मैदानाच्या मधोमध एक खेळाडू बुटाची नाडी बांधत होता.

कूलर घरघरत सुरू झाला. खिडकी मिश्राजींच्या घराकडे होती. महिनाभर त्या कूलरच्या वाऱ्याबरोबर मिश्राजींची आरोळी आत येत होती, टीव्हीवरचे चेहरे आले की लगेच, आणि महिनाभर त्या आरोळीला डॉक्टर आपली नजर समजत होते. खोटं ते बोलत नव्हते. यंत्रापुढे त्यांच्या हातानं जे केलं तेच इथे कानानं केलं होतं.

मी काही बोलण्याआधी त्यांना ते कळलं असावं. त्यांनी हनुवटी उचलली. मान पूर्ण वळवून टीव्हीकडे पाहिलं. आकडा वाचला.

"केव्हा?"

"सतरा मिनिटं झाली."

लॅपटॉप बीप बीप करत होता. त्यांची पाळी आली होती. पट्टी आक्रसत गेली, संपली, यंत्रानं पानं काढून घेतली. त्या दूरदेशीच्या माणसानं एक प्रश्नचिन्ह पाठवलं, मग एक गुलाब.

"तुम्ही पाहिलात?"

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"नाही."

"बरोबर केलंत," ते म्हणाले. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी विसरू शकत नाही. उजवा हात सरळ बाजूला धरला आणि बोटं हलवत तो हळूहळू पुढे आणला. मग डावा हात तसाच धरला. बोटं हलत होती. हात पुढे येत होता. पुष्कळ पुढे आला, जवळजवळ लॅपटॉपच्या कडेपर्यंत, तेव्हा कुठे ते म्हणाले, "आता." एवढ्याला ना टीव्ही लागत होता ना पत्ते.

"परवा शाळा आहे," मी म्हणालो.

"मिश्राजींना मी सांगतो. ऑफिसची वेळ बदलली म्हणून सांगतो. तुम्ही हो म्हणा."

"आणि तुमचं ऑफिस?"

"रस्ता पाठ आहे मला. बावीस वर्षांचा."

हे ऐकून मला जी भीती वाटली ती आधीच्या भीतीहून वेगळी होती. मुलीपुरती सुटका झाली होती. आता उरलेलं सगळं शहर होतं. मी म्हणालो, गाडी सोडा, वहिनींना सांगा. ते म्हणाले, सोडेन, सांगेन. दोन्ही क्रियापदं भविष्यकाळातली होती.

मुलांसाठी व्हॅन लागली. "अंकल नाराज़ हैं क्या?" मुक्तानं विचारलं. मी नाही म्हणालो. ऑफिसची वेळ बदलली या थापेला मी मिश्राजींसमोर दुजोरा दिला. "टाइम बदला तो बदला, इंची टेप सवा नौ पर ही निकलते हैं," मिश्राजी म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यानंतर मी तो विषय टाळला.

त्या दिवसांत डेस्कवर रोज संध्याकाळी आमचा शहर वार्ताहर अपघातांची यादी फोनवरून सांगत असे. ती लहान अक्षरात, पाचव्या पानावर तळाशी जाई. कोण, कुठे, कोणत्या वाहनाखाली. पूर्वी मी ती न ऐकता टाइप करत असे. आता मी विचारू लागलो, गाडी कोणत्या रंगाची. सायकलवाला कोणत्या बाजूनं आला. पहिल्यांदा त्यानं उत्तर शोधून दिलं. नंतर तो वैतागला. "सर, चार लाइन की खबर है." रंग पांढरा असला की मी घरी फोन लावी आणि पत्नीला काहीतरी कारण सांगून खिडकीतून पाहायला लावी, शेजारची गाडी जागेवर आहे का. ती दर वेळी जागेवर होती. एका रात्री पत्नीनं विचारलं, "तुला त्या गाडीचं झालंय काय?" मी सांगितलं नाही. न सांगण्याची सवय एका घरातून दुसऱ्या घरात आली होती.

डॉक्टरांशी मी दोनदा पुन्हा बोललो. ते आता कोणाला काही मोजलंय का असं विचारत नसत. हसून विषय बदलत. पत्ते त्यांनी बंद केले होते आणि टीव्ही पुन्हा भिंतीशी आला होता. वहिनी खूश होत्या. निदान मला तसं वाटलं.

थंडीत दाट धुकं पडलं. सकाळी दहापर्यंत समोरचं फाटक दिसत नसे. अशाच एका सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आलो तर ते काच पुसत होते. वहिनी शाल गुंडाळून पुढच्या सीटवर बसल्या होत्या. अमीनाबादच्या बाजारात लोकर घ्यायला जातेय, असं त्यांनी मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं, आणि त्याच्या आदल्या आठवड्यातही.

"आज तरी नका नेऊ," मी डॉक्टरांना हळूच म्हणालो.

"आज काय," ते म्हणाले. "आज सगळेच माझ्यासारखे." आणि गाडी त्या पांढऱ्यात गेली. दोन घरांपुढे तिचा लाल दिवाही दिसेना.

मार्चअखेर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. अकोल्याला परतायचं ठरलं. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी गेला. संध्याकाळी वहिनी उरलेली लोणच्याची बरणी द्यायला आल्या. या वेळी आत येऊन बसल्या.

"भावजी, तुम्हाला जूनपासून माहीत होतं."

मी बरणी टेबलावर ठेवली.

"मी तुम्हाला बघायला पाठवलं होतं. तुम्ही येऊन सांगितलंत, निर्धास्त राहा."

"पैशाबद्दल सांगितलं होतं, वहिनी."

"हो. पैशाबद्दल." त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि ते जास्त जड होतं. "दिवाळीत माझ्या लक्षात आलं. फराळाची ताटली डावीकडे ठेवली तर त्यांनी विचारलं, फराळ दिला नाहीस? मग मी रोज चहाचा कप ठेवत गेले. आज इथे, उद्या चार बोटं पुढे. ठेवताना आवाज होऊ दिला नाही. आठ दिवसांत मला कळलं कुठवर दिसतं ते."

जे शास्त्रज्ञाला एका महिन्यात जमलं नाही ते त्यांनी आठ दिवसांत केलं होतं.

"त्यांना सांगितलंत?"

"कशाला? त्यांना माहीतच आहे. मला माहीत आहे हेही माहीत आहे. बोलत नाही एवढंच."

मी त्यांना विनवलं की रेल्वेनं जा, गाडी ट्रकात चढवा, मी व्यवस्था करतो. हजारएक किलोमीटरचा रस्ता. त्या म्हणाल्या, "मी म्हणून पाहिलं. म्हणतात, गाडी विकेन ती अकोल्यात. एवढं एकदा नेऊ दे. आणि मी आहे."

सकाळी गल्लीतले लोक निरोप द्यायला जमले. मुक्तानं त्यांच्या पाया पडून पहिल्यांदाच मराठीत "येते काका" म्हटलं आणि जाणारे ते आहेत हे लक्षात येऊन लाजली. डॉक्टर उजवीकडे बसले, वहिनी डावीकडे. वहिनींनी काच पूर्ण खाली घेतली. मला वाटलं आमच्याशी बोलायला. त्यांनी पदर खोचला, एक हात डॅशबोर्डवर ठेवला आणि समोर पाहिलं.

गाडी हलली. मिश्राजी डाव्या बाजूला, पायरीवर उभे राहून दोन्ही हात हलवत होते. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं नाही. वहिनींनी पाहिलं, पण हात हलवला नाही.

"मिश्राजी आहेत, पायरीवर. लांब आहेत," त्या म्हणाल्या. आवाज सपाट होता, रेडिओवर बाजारभाव वाचावेत तसा. "सायकल. जाऊ द्या तिला. गेली. आता मुलगा आहे, उभाच आहे. गाय. थोडं उजवीकडे घ्या. बास. मोकळं. मोकळं आहे."

गाडी अगदी सावकाश कोपऱ्यापर्यंत गेली. वळणावर ती थांबली आणि बराच वेळ थांबून राहिली. रस्ता इथून आम्हाला दिसत नव्हता. ट्रक गेल्याचा आवाज आला, मग आणखी एकाचा. आम्ही सगळे तिकडेच बघत उभे होतो, आणि गाडी का थांबलीय ते आमच्यापैकी फक्त मला माहीत होतं. मग वहिनींचा आवाज ऐकू आला, या वेळी मोठ्यानं, कारण ट्रकांच्या आवाजावरून तो डॉक्टरांपर्यंत पोचवायचा होता.

"चला."